सॅन होजेत दाद, हिंजवडीत काय?

३० जून २०२० रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या एका सरकारी विभागाने सॅन होजेच्या केंद्रीय न्यायालयात सिस्को सिस्टिम्स या कंपनीवर दावा लावला. आरोप असा, की कंपनीतल्या एका दलित अभियंत्याची जात त्याच्या वरिष्ठाने सहकाऱ्यांमध्ये फोडली. अभियंत्याने मनुष्यबळ विभागाकडे तक्रार केली तेव्हा त्याला एकटे पाडले गेले आणि त्याच्याकडची जबाबदारी कमी झाली. जातीवरून भेदभाव करणे मुळी बेकायदाच नाही, असे त्याला अंतर्गत चौकशीत ऐकवले गेले. कंपनीने हे सगळे नाकारले. तक्रारदार आणि वरिष्ठ दोघेही भारतीय, दोघेही उच्चशिक्षित. जातीने समुद्र ओलांडला याचे नवल करण्यात अर्थ नाही; माणसे जातात तिथे त्यांच्या सवयीही जातात. नवल वेगळ्याच गोष्टीचे वाटायला हवे. दावा त्या अभियंत्याने लावला नव्हता, राज्याने लावला होता. कागदपत्रांत त्याचे नाव 'जॉन डो' असे टोपणनावानेच होते. कोणाला अटक करा अशी मागणी नव्हती, पोलीस ठाण्याची पायरी कोणाला चढावी लागली नव्हती. हेच प्रकरण पुण्याजवळ हिंजवडीत घडले असते, तर त्या अभियंत्याने दाद कुठे मागितली असती? नोकरीतला जातिभेद हा बहुतांशी पगार, बढती आणि कामाच्या वाटपाचा मामला असतो आणि त्याला दिवाणी स्वरूपाचा, राज्याने राबवायचा कायदा लागतो. आपल्याकडे जातीविरुद्ध कडक फौजदारी कायदे आहेत. हा साधा कायदा मात्र नाही.

कॅलिफोर्नियाचा कायदा जुना आहे. नोकरीत वंश, धर्म, वर्ण, राष्ट्रीय मूळ किंवा पूर्वजपरंपरा यांवरून भेदभाव करायला मनाई करणारा कायदा त्या राज्याने १९५९ मध्ये केला. अमेरिकेच्या केंद्र सरकारला तसा कायदा करायला १९६४ उजाडले. आजही राज्याचा कायदा केंद्राच्या पुढे आहे. केंद्राचा कायदा किमान पंधरा कर्मचारी असलेल्या मालकाला लागू होतो, राज्याचा पाच जणांच्या आस्थापनेलाही. केंद्राकडे तक्रारीची मुदत जास्तीत जास्त ३०० दिवसांची, राज्याकडे २०२० पासून तीन वर्षांची. केंद्रीय कायद्यात मनस्ताप आणि दंडात्मक भरपाईची रक्कम मोठ्यात मोठ्या कंपनीच्या बाबतीतही तीन लाख डॉलरवर अडते; राज्याने अशी मर्यादा घातलेली नाही. तक्रार करणाऱ्यावर मालकाने सूड उगवला, तर तो स्वतंत्र गुन्ह्यासारखा स्वतंत्र दावा होतो, मूळ भेदभाव सिद्ध होवो न होवो. या तरतुदीला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देतो, कारण तक्रार न करण्यामागे अन्यायाची सवय जितकी असते तितकीच पुढच्या मूल्यमापनाची भीती असते.

पुरावा कसा तोलायचा, हाही भाग लक्षात घेण्याजोगा. अमेरिकी न्यायालयांनी १९७३ पासून एक पद्धत रूढ केली आहे. कर्मचाऱ्याने आधी इतकेच दाखवायचे, की तो संरक्षित गटातला आहे, कामाला लायक होता, त्याचे नुकसान झाले आणि परिस्थितीत संशयाला जागा आहे. मग मालकाने आपल्या निर्णयाचे कारण सांगायचे. ते कारण सबब आहे हे दाखवण्याची संधी पुन्हा कर्मचाऱ्याला. यात कोणाच्या मनात काय होते हे संशयातीत सिद्ध करावे लागत नाही; अमुक माणसाला बढती का दिली आणि तमुकाला का नाही, याचा कागद मालकाला मांडावा लागतो. सिस्को प्रकरणात आणखी दोन गोष्टी ठरल्या. अमेरिकी कंपन्या नोकरीच्या करारातच 'वाद झाला तर न्यायालयाऐवजी लवादाकडे' अशी अट घालून ठेवतात. दावा पुढे राज्याच्या न्यायालयात गेला होता; ऑगस्ट २०२२ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला, की अशी अट कर्मचाऱ्याला बांधत असेल, पण दावा लावणाऱ्या राज्याला बांधत नाही. आणि टोपणनावाच्या मुद्द्यावर त्याच न्यायालयाने सांगितले, की तक्रारदाराच्या भारतातल्या नातेवाइकांना होऊ शकणारा त्रासही विचारात घ्यावा लागेल. कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशांना त्या माणसाचे नाव झाकावे की नाही हे ठरवताना भारतातल्या गल्लीचा विचार करावा लागला, यातच पुष्कळ काही आले.

मग तिथे 'जात' हा शब्द कायद्यात लिहावा की नाही यावर एवढे रण का माजले? २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिअॅटल नगर परिषदेने भेदभावाच्या निषिद्ध कारणांत जातीचा समावेश केला. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत जन्माने पुण्याच्या, वाढल्या मुंबईत. त्याच वर्षी सिनेटर आयेशा वहाब यांनी कॅलिफोर्निया विधिमंडळात तसेच विधेयक आणले. सिनेटने ते ३४ विरुद्ध १ मतांनी पुढे पाठवले, दुसऱ्या सभागृहात ते सौम्य होऊन जात ही 'पूर्वजपरंपरे'चा एक भाग ठरली, आणि ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. कारण दिले ते असे, की प्रचलित कायद्यात हे आधीच निषिद्ध आहे, नव्या शब्दाची गरज नाही. युक्तिवाद वरवर निरुत्तर करणारा आहे. पण कायद्याचा इतिहास त्याच्या बाजूने नाही. १९७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भारपणामुळे विम्याचे लाभ नाकारणे हा लिंगभेद नव्हे, असा निवाडा दिला होता. 'लिंग' शब्दात गर्भारपण येते हे सांगायला १९७८ मध्ये काँग्रेसला वेगळा कायदा करावा लागला. केसांची ठेवण वंशात मोडते की नाही, यावर कृष्णवर्णीय कर्मचारी न्यायालयात हरत राहिले, आणि २०१९ मध्ये खुद्द कॅलिफोर्नियाने केसांचा उल्लेख कायद्यात घातला. त्या विधेयकावर न्यूसम यांनी सही केली होती. केसांना जे लागू, ते जातीला का नाही? सिस्कोच्या चौकशी अधिकाऱ्यांना जातिभेद बेकायदा वाटला नाही असा राज्याचाच आरोप असताना, जात कायद्यात आहेच असे त्याच राज्याच्या प्रमुखाने म्हणणे मला तरी विसंगत वाटते.

या मागणीविरुद्ध अमेरिकेतल्या हिंदू संघटनांनी घेतलेल्या हरकती एका फटक्यात उडवून लावाव्यात अशा नाहीत. एक हरकत अशी, की जातीचे नाव घेतले की संशयाचे बोट फक्त दक्षिण आशियाई, त्यातही हिंदू माणसांकडे जाते. सिस्कोवरच्या मूळ दाव्यात जातीची व्याख्या हिंदू धर्माशी ज्या ढिसाळपणे जोडली होती, त्यावरचा आक्षेप रास्तच होता. उपखंडातले मुसलमान, ख्रिस्ती, शीख, कोणीही जातीतून सुटलेले नाहीत, आणि कायद्याने धर्मावर भाष्य करण्याचे कारण नाही. पण हा मसुदा नीट लिहिण्याचा मुद्दा झाला. शिवाय दिवाणी समानता कायदा दोन्ही बाजूंनी चालतो: ब्राह्मण कर्मचाऱ्याला त्याच्या जातीवरून डावलले तर तोही त्याच कलमाखाली जाऊ शकतो. दुसरी हरकत आकड्यांची. इक्वॅलिटी लॅब्ज या संस्थेच्या पाहणीत ६७ टक्के दलितांनी कामाच्या ठिकाणी अन्याय्य वागणूक मिळाल्याचे सांगितले. त्या पाहणीत लोक स्वतःहून सहभागी झाले होते, म्हणून ती सगळ्या समाजाचे माप नाही, ही टीका योग्य आहे. कार्नेगी संस्थेच्या २०२० च्या १,२०० भारतीय अमेरिकनांच्या पाहणीत जातीवरून भेदभाव झाल्याचे सांगणारे सुमारे ५ टक्केच निघाले. मात्र तिथे जात सांगणाऱ्या हिंदूंपैकी दहात आठांहून अधिक लोक स्वतःला खुल्या किंवा उच्च जातीत मोजत होते. ज्यांच्या वाट्याला हा प्रकार येण्याचा संभवच कमी, त्यांची संख्या जास्त असेल तर टक्का खाली येणारच. आणि कायद्याचे संरक्षण पीडितांच्या टक्केवारीवर ठरत नसते. भूकंपरोधक बांधकामाचे नियम आपण रोजच्या धक्क्यांची सरासरी काढून करत नाही.

एप्रिल २०२३ मध्ये राज्याने कंपनीबरोबर दाव्यात ओढलेल्या सिस्कोच्या दोन अभियंत्यांवरचा दावा मागे घेतला, कंपनीवरचा चालू ठेवला. विरोधकांना यात आरोपांचा फोलपणा दिसला. त्या दोघांना वर्षानुवर्षे जो मनस्ताप झाला असेल तो नाकारू नये. पण कॅलिफोर्नियाच्या कायद्यात बढती-पगारातल्या भेदभावाची जबाबदारी तशीही मालकाची असते. वरिष्ठावर वैयक्तिक दायित्व येते ते छळाच्या बाबतीत. माझ्या मते कायद्याचा हा शहाणपणा आहे. ज्याच्या हातात पगाराचा आराखडा, मूल्यमापनाची पद्धत आणि तक्रारीची यंत्रणा आहे, उत्तर त्यानेच द्यावे.

आता आपल्याकडे वळू. नोकरीतली जात महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त होती आणि ते खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते. सूत तुटले की धोट्याच्या भोकातून ते तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण साचेवाल्यांना चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपनेत्यांपुढे लावून धरला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी रेल्वेतला प्रकार मांडला. हमालाला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागे, म्हणून अस्पृश्याला हमाल म्हणून घेत नसत. तो गँगमन म्हणून लागला की तिथेच राहायचा. त्या भाषणात ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून त्यांनी सांगितले, ते पुष्कळांना माहीत असते. पण त्यामागचा पुरावा हा असा खात्यांचा, हुद्द्यांचा आणि मजुरीच्या दरांचा होता, हे सहसा सांगितले जात नाही. शिवीगाळ, मारहाण, अपमान हे सगळे होतेच. बाबासाहेबांनी या भाषणात बोट ठेवले ते मात्र वरची जागा कोणाला आणि खालची कोणाला, यावर.

स्वातंत्र्यानंतर आपण हा प्रश्न कसा हाताळला? राज्यघटनेची समान संधीची हमी सरकारी नोकरीपुरती आहे. खासगी मालकाला ती थेट बांधत नाही. त्याच्यासाठी आहेत ते फौजदारी कायदे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात अस्पृश्यतेच्या कारणाने एखाद्याला नोकरीत अटकाव करणे हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड शंभर ते पाचशे रुपये. पाचशे रुपयांत आज एखाद्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये दोन माणसांचे जेवण होईल. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने व्यवसाय किंवा नोकरीला अटकाव करण्याचा गुन्हा आला आणि शिक्षाही वाढली. हे कायदे आवश्यक आहेत. खेड्यापाड्यांत जिवावर बेतणाऱ्या हिंसेपुढे दुसरे शस्त्र नाही. पण नोकरीच्या प्रश्नाला ते जड पडतात. जातीवाचक अपमानाचा गुन्हा सार्वजनिक दृष्टिपथात घडावा लागतो. चार भिंतींआड, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेल्या अपमानाला ते कलम लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये उत्तराखंडच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. कार्यालयातल्या बंद केबिनला हे लावून पाहा. अटकाव दिसण्याजोगा असतो, पण तीन वर्षे 'अपेक्षेप्रमाणे' असा शेरा मिळत राहणे दिसत नाही. प्राथमिक खबर नोंदवायची म्हणजे ज्या टीममध्ये उद्या बसायचे आहे तिथल्या माणसाच्या अटकेची मागणी करायची. फौजदारी खटला तक्रारदाराला नोकरी, हुद्दा, थकलेला पगार परत देत नाही. परिणामी आपल्याकडे कर्मचाऱ्यासमोर दोनच रस्ते उरतात: गप्प बसणे किंवा पोलीस ठाणे.

गंमत म्हणजे, मधल्या रस्त्याचा आरंभ महाराष्ट्रानेच केला होता. १९७१ चा महाराष्ट्राचा कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा, कामगार चळवळीच्या बोलीत 'एमआरटीयू-पल्प', ८ सप्टेंबर १९७५ पासून अमलात आला. केंद्राच्या औद्योगिक विवाद कायद्यात अनुचित प्रथांची यादी येण्यापूर्वीच आपल्या राज्याच्या चौथ्या अनुसूचीत ती होती, आणि त्यात पाचवी बाब अशी: गुणवत्तेचा विचार न करता कामगारांच्या एका गटाला झुकते माप देणे. जातीचे नाव नाही, पण तिच्यासाठी दार उघडे आहे. सरकारने वाद न्यायालयाकडे पाठवण्याची वाट पाहावी लागत नाही. कामगार ९० दिवसांत स्वतः तक्रार करू शकतो, न्यायालय अंतरिम आदेश देऊ शकते, परत कामावर घ्यायला लावू शकते. हा कायदा किती दूर जाऊ शकतो याचा दाखला म्हणजे २००९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. एसटी महामंडळात वर्षानुवर्षे हंगामी ठेवलेल्या सफाई कामगारांसाठी कास्ट्राईब राज्य परिवहन कर्मचारी संघटना लढली, आणि औद्योगिक न्यायालयाला त्यांना कायम करण्याचा अधिकार आहे हे मान्य झाले. या कायद्याला बांधही पडले. मालक-कामगार नातेच वादात असेल तर ही तक्रार चालणार नाही, हे २००१ च्या सिप्ला निकालाने ठरले आणि कंत्राटी कामगार बाहेर गेला. व्यवस्थापकीय हुद्द्यावरचा माणूस 'कामगार' या व्याख्येतच बसत नाही. म्हणजे जिथे बढतीतला भेद सर्वांत जास्त बोचतो, तिथवर हा कायदा पोचत नाही.

खासगी मालकाच्या कारभारात शिरणे आपल्या परंपरेत बसत नाही, असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा कर्मचाऱ्यांच्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती आणली. २०१६ च्या कायद्याने प्रत्येक आस्थापनेला अपंग व्यक्तींसाठी समान संधी धोरण जाहीर करायला लावले. एचआयव्हीबाधितांना २०१७ मध्ये, तृतीयपंथी व्यक्तींना २०१९ मध्ये नोकरीतल्या भेदभावापासून संरक्षण मिळाले, तेही खासगी क्षेत्रासह. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात भरती, प्रशिक्षण, बदली, बढती आणि वेतन या पाचही बाबतींत महिला कर्मचाऱ्यांशी भेदभाव करायला मनाई आहे. तेवढ्याच वाक्यात 'जात' हा एक शब्द का आला नाही? वेतन संहितेतही भेदभावाचे कारण म्हणून फक्त लिंग आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली होती. शशी थरूर यांनी भेदभावविरोधी खासगी विधेयक लोकसभेत आणले होते. दोन्ही तसेच राहिले.

गरजच काय, असा प्रश्न उद्योगजगतातून येतो: आम्ही जात विचारत नाही, गुणवत्ता पाहतो. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे आठवावा. वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज पाठवले; पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता ०.६७ पट आणि मुस्लिम नावाला ०.३३ पट निघाली. याच्या उलट पुरावाही आहे. दिल्लीत केलेल्या दुसऱ्या एका प्रयोगात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीचा असा फरक आढळला नाही, कॉल सेंटरमध्ये आढळला. म्हणजे जिथे कौशल्य कागदावर मोजता येते तिथे जात दारात अडवत नाही, असे म्हणायला जागा आहे. पण मुलाखतीचे बोलावणे ही पहिली पायरी. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून दाखवले, की गुणवत्तेची भाषा बोलणारे हेच अधिकारी उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' आवर्जून विचारतात. महाराष्ट्रात तर ते विचारण्याची रीत आणखी सफाईदार: आडनावावरून पत्ता लागला नाही तर मूळ गाव कोणते, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर गावात घर कुठल्या बाजूला.

खोट्या तक्रारींचा धाक हा दुसरा आक्षेप, आणि तो नेमका फौजदारी कायद्याच्या सावलीत वाढलेला आहे. अटकेची तलवार नसेल, तर खोट्या तक्रारीचा धाकही निम्मा होतो. दिवाणी यंत्रणेत सुरुवातीला समेट होऊ शकतो, मालकाने नोंदी नीट ठेवल्या असतील तर तो लवकर सुटतो. हे मागच्या दाराने आणलेले आरक्षण आहे, ही भीतीही अनाठायी. हा कायदा कोणाला किती जागा द्या हे सांगत नाही. जी जागा तुम्ही द्यायला निघालात ती कोणत्या कारणाने नाकारली, एवढेच विचारतो. उद्योग राज्याबाहेर जातील म्हणावे, तर कॅलिफोर्नियात हा कायदा साठ वर्षांहून जास्त काळ आहे आणि सिलिकॉन व्हॅली त्याच राज्यात उभी राहिली.

मग महाराष्ट्राने काय करावे? जात, धर्म, लिंग, अपंगत्व, लैंगिक कल आणि जन्मस्थान ही कारणे नावानिशी लिहिलेला कायदा. कामगार, कंत्राटी आणि व्यवस्थापक असा फरक न करता सर्वांना तो लागू. तक्रारदाराच्या वतीने दावा लावू शकणारा स्वतंत्र आयुक्त. सूडाविरुद्ध वेगळे कलम. आणि प्राथमिक पुराव्यानंतर कारण देण्याचे ओझे मालकावर. अत्याचार प्रतिबंधक कायद्याला यात हात लावण्याचे कारण नाही, तो त्याच्या जागी राहील. अधिकाराची अडचण नाही, कारण श्रम हा समवर्ती सूचीतला विषय आहे आणि रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला तेव्हा केंद्रात तसे काही नव्हते. आंतरराष्ट्रीय शब्दही आपण केव्हाच दिला आहे. नोकरीतला भेदभाव, त्यात 'सामाजिक मूळ' धरून, संपवण्याचा १११ क्रमांकाचा करार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९५८ मध्ये केला. अमेरिकेने त्याला आजवर मान्यता दिलेली नाही. भारताने ती १९६० मध्ये दिली.